कुणाच्या मापानं नॉर्मल?

हॉटेलात टेबलाशी बसलं की पाण्याआधी प्रश्न येतो, ‘नॉर्मल का थंड?’ रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की तिथल्या तिथं घरी फोन जातो, ‘सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका.’ शेजारच्या सुनेला मुलगी झाली की बाळंतिणीची तब्येत विचारायच्या आधी विचारलं जातं, ‘नॉर्मल झाली का सिझर?’ जूनच्या तोंडावर बातम्यांत सांगतात की यंदा पाऊस नॉर्मल राहणार. चार दिवस अबोला धरलेले नवराबायको एकमेकांशी बोलायला लागले की घरातली बाकीची माणसं सुटकेचा श्वास टाकतात, ‘झाले एकदाचे नॉर्मल.’ आणि दोन वर्षांचं होऊनही मूल बोलत नसलं की आई दबक्या आवाजात डॉक्टरांना विचारते, ‘पण नॉर्मल आहे ना हो?’

शब्द एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी त्यानं वेगळं काम केलं आहे. पाणी नॉर्मल म्हणजे साधं, फ्रिजमध्ये न ठेवलेलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार सापडला नाही. बाळंतपण नॉर्मल म्हणजे पोट न चिरता झालेलं. पाऊस नॉर्मल म्हणजे सरासरीइतका. नवराबायको नॉर्मल म्हणजे पूर्ववत. त्या आईच्या प्रश्नात तर यांहून कितीतरी जास्त भरलेलं आहे. माझं मूल इतरांसारखं आहे ना, त्याला शाळेत घेतील ना, आमच्यामागं त्याचं कसं होईल, हे सगळं तिनं त्या तीन अक्षरांत कोंबलेलं असतं.

मराठीत या प्रत्येक अर्थाला आपापला शब्द आहे. साधं, निरोगी, सरासरी, नेहमीचं, पूर्ववत, योग्य. ‘नॉर्मल’ इंग्रजीतून आला म्हणून माझी तक्रार नाही. टेबल, स्टेशन, डॉक्टर हे शब्द कधीच मराठी झाले, तसा हाही झाला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एखादी गोष्ट किती जणांत आढळते हा मोजणीचा प्रश्न आहे आणि ती कशी असायला हवी हा मूल्याचा. ‘नॉर्मल’ या दोन प्रश्नांची इतकी बेमालूम गाठ मारतो की पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं वाटायला लागतं. बहुतेकांचं असं असतं, म्हणून असंच असावं. तुझं तसं नाही, म्हणजे तुझ्यात काहीतरी खोट आहे. ही उडी उघड कुणी मारत नाही. ती शब्दच मारतो, म्हणून ती पकडता येत नाही.

या शब्दाचा जन्म सुताराच्या पेटीतला. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे गुण्या, काटकोन तपासायचं साधन. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी प्रकाशाच्या धड्यात आरशाला लंब असलेली रेषा काढली असेल. आपल्या पुस्तकात तिला ‘स्तंभिका’ म्हणतात, इंग्रजी पुस्तकात तिचं नाव ‘नॉर्मल’ आहे. तिथं हा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली पॅरिसमध्ये शिक्षक घडवण्यासाठी एकोल नॉर्माल निघालं. शिकवणं कसं असावं याचा नमुना घालून देणारी शाळा, असा त्याचा अर्थ. पुढं शिक्षक तयार करणाऱ्या शाळांना देशोदेशी हेच नाव पडलं. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात पुण्यातल्या मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलचा उल्लेख येतो तो याच अर्थानं. म्हणजे सुरुवातीला या शब्दाचा गर्दीशी, बहुसंख्येशी काही संबंध नव्हता. तो उघडपणे मापाचा शब्द होता. गुण्या लावणारा सुतार आणि नमुना ठरवणारा शिक्षक दोघेही समोर दिसत होते, त्यांना जाब विचारता येत होता.

गर्दी त्यात शिरली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला आत आणणारा माणूस खगोलशास्त्रज्ञ होता. ब्रसेल्सच्या अडॉल्फ केतलेनं १८३५ साली माणसावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे थोडेथोडे वेगळे येतात, पण ते खऱ्या जागेच्या आसपास गोळा होतात, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. केतलेनं हीच रीत माणसांना लावली. पुढं त्यानं ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची आधीच छापलेली मापं तपासली. तीही ४० इंचांच्या आसपास घंटेच्या आकारात गोळा झालेली त्याला दिसली. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की निसर्गाला ४० इंचांचाच सैनिक घडवायचा होता, बाकीच्या छात्या म्हणजे नेमात झालेल्या चुका.

माझ्या मते साऱ्या घोटाळ्याचं मूळ इथं आहे. ताऱ्याला एकच जागा असते, म्हणून तिथं मोजमापातल्या फरकाला चूक म्हणणं बरोबर. सैनिकांना एकच छाती नसते. ३६ इंचांची छाती असलेला सैनिक हा ४० इंचांच्या सैनिकाची बिघडलेली प्रत नव्हे, तो वेगळा माणूस आहे. केतलेला त्यात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तरी त्याच्या हातून वैविध्याला चुकीचं नाव मिळालं.

त्याच्यामागून आलेल्या फ्रान्सिस गाल्टनला सरासरी माणसाचं कौतुक नव्हतं. त्याला घंटेचं उजवं टोक हवं होतं आणि डावं नको होतं. १८८३ साली त्यानं ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला, सुप्रजननाचा. या विचारानं पुढं काय केलं हे जगाला ठाऊक आहे. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या स्त्रीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि त्या देशात अशा साठ हजारांहून अधिक नसबंद्या झाल्या. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीनं तसाच कायदा केला. त्या घंटेसारख्या वक्राला ‘नॉर्मल’ हे नाव रूढ करणाऱ्या कार्ल पिअर्सननं १९२० साली स्वतःच लिहून ठेवलं की या नावामुळं इतर सगळे वक्र जणू अ‍ॅबनॉर्मल आहेत असा लोकांचा समज होतो, हा या नावाचा तोटा. कबुली प्रामाणिक आहे, पण तिच्यात वक्रांचीच काळजी आहे, माणसांची नाही. आणि पिअर्सन स्वतः युजेनिक्सचा खंदा पुरस्कर्ता होता.

दोन अमेरिकी गोष्टी इथं सांगायलाच हव्यात, कारण सरासरी माणूस प्रत्यक्षात शोधायला गेलं की काय होतं ते त्यांत दिसतं. १९४०च्या दशकात एका डॉक्टरानं आणि एका शिल्पकारानं हजारो अमेरिकी तरुण-तरुणींच्या मापांची सरासरी काढून दोन पुतळे केले, ‘नॉर्मा’ आणि ‘नॉर्मन’. मापं घेतलेली तरुण मंडळी गोरी होती हे वेगळं सांगायला नको. १९४५ साली क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्रानं स्पर्धा लावली की हुबेहूब नॉर्मासारखी मुलगी शोधायची. तीन हजारांहून अधिक जणींनी आपली मापं पाठवली. सगळ्या मापांत नॉर्माशी जुळणारी एकही निघाली नाही. त्यावर तेव्हाच्या जाणत्यांनी काय म्हणावं? अमेरिकी मुली व्यायाम करत नाहीत, म्हणून त्या नॉर्मल राहिलेल्या नाहीत! पुतळा चुकला असेल ही शंका फारशी कुणाला शिवली नाही.

दुसरी गोष्ट हवाई दलाची. विमानं वारंवार पडत होती आणि वैमानिकांची बसायची जागा जुन्या सरासरी मापांवर बेतलेली होती. १९५०च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाकडं ४,०६३ वैमानिकांची मापं आली. त्यानं दहा मापं निवडली, प्रत्येकात मधल्या तीस टक्क्यांत बसणारा तो सरासरी असं सढळ हातानं धरलं आणि दहाही मापांत सरासरी असलेले किती ते पाहिलं. एकही नव्हता. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. पण इथं कुणी वैमानिकांना व्यायाम करायला सांगितलं नाही. हवाई दलानं आसनं मागंपुढं होणारी करून घेतली, पट्टे आणि पायाची पॅडलं जुळवून घेता येतील अशी केली. मोटारीच्या सीटखालचा दांडा ओढून आपण सीट सरकवतो, त्यामागंही हाच विचार आहे. क्लीव्हलंडमध्ये मुली दोषी ठरल्या, हवाई दलात खुर्ची. वस्तुस्थिती दोन्हीकडं एकच होती. फरक पडला तो माप कुणी कुणाला जुळवून घ्यायचं या निर्णयामुळं.

आता रक्ताच्या रिपोर्टाकडं येऊ, कारण आपल्या घरांत हा शब्द सगळ्यात जास्त तिथून येतो. छापील कागदावर चाचणीचं नाव, तुमचा आकडा आणि शेजारी नॉर्मल रेंज. रेंजच्या बाहेरचा आकडा ठळक छापलेला, जवळ बाण वर किंवा खाली. आपण फक्त बाण शोधतो. ही रेंज येते कुठून? अनेक चाचण्यांमध्ये निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि त्यांतला मधला ९५ टक्के भाग म्हणजे नॉर्मल असं ठरवतात. याचा अर्थ असा की निरोगी माणसांतलेच शंभरातले पाच या व्याख्येनं बाहेर पडतात. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातीत एकावेळी कितीतरी चाचण्या करतात. समजा एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या ठणठणीत माणसाच्या केल्या, तर एखादा तरी आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. म्हणजे बाण नसणं हेच तिथं कमी आढळणारं. आणि त्या एका बाणापायी माणूस महिनाभर झोपत नाही, पुन्हा चाचण्या करतो, पुन्हा पैसे भरतो.

सगळ्याच रेंज अशा बनत नाहीत, आणि ही गोष्ट रुग्णाला सहसा कुणी समजावून सांगत नाही. रक्तदाबाची हद्द सरासरीवरून ठरत नाही, धोक्यावरून ठरते. अमुक आकड्याच्या वर गेलं की पुढं हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका किती वाढतो हे पाहून तज्ज्ञ रेषा आखतात, आणि रेषा हलूही शकते. २०१७च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन प्रमुख संस्थांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली. तोवर तिथल्या प्रौढांपैकी सुमारे ३२ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता, नव्या व्याख्येनं तो ४६ टक्क्यांना झाला. एका रात्रीत कुणाच्या नसांत काही बदललं नव्हतं. रेषा खाली आणायला सबळ कारणं असतील, त्यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण एका रेंजचा अर्थ ‘बहुतेक निरोगी माणसांचं इतकं असतं’ असा आणि दुसरीचा ‘याच्यापुढं धोका वाढतो’ असा, आणि कागदावर दोन्हींच्या डोक्यावर एकच शब्द, हे मला पटत नाही.

तापाचंच पाहा. ९८.६ फॅरनहाइट हा आकडा आपण लहानपणी पाठ केला. तो जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिखनं १८६८ साली सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून दिला. पुढच्या तपासण्यांत सरासरी त्याहून थोडी खाली निघाली, आणि अमेरिकेतल्या दीडशे वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२०च्या अभ्यासात असं दिसलं की माणसांचं सरासरी तापमानच दशकागणिक हळूहळू उतरत आलं आहे. वजनाचा बीएमआय तर थेट केतलेच्या सूत्रातून आला आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे त्याचंच गणित. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीजनं त्याला आजचं नाव दिलं. तो युरोपीय शरीरांवर बेतलेला होता. आशियाई माणसांना २५च्या खाली असतानाही मधुमेहाचा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आपल्यासाठी २३ हा सावधगिरीचा आकडा सुचवला. म्हणजे २४चा बीएमआय लंडनच्या गोऱ्या माणसाला नॉर्मल आणि सोलापूरच्या माणसाला धोक्याची सूचना.

यावर कुणी म्हणेल, मग काय, रेंज फेकून द्यायच्या? नाही. डॉक्टरांना रेषा लागतातच. दवाखान्यात शंभर रुग्ण बसलेले असताना कुणाकडं आधी पाहायचं हे ठरवायला आकडा हवाच. फ्रान्समधला तत्त्वज्ञ आणि डॉक्टर जॉर्ज काँग्यिएम यानं १९४३ साली आपल्या प्रबंधात यावर फार खोल विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की निरोगी असणं म्हणजे सरासरीजवळ असणं नव्हे. परिस्थिती बदलली तरी नव्यानं घडी बसवता येणं, थोडं आजारी पडून पुन्हा उठता येणं, ही निरोगी माणसाची खूण. कोणतं शरीर चांगलं हे ते कुठं राहतं यावर अवलंबून असतं. गडचिरोलीत सिकलसेलचे वाहक बरेच आढळतात. त्यांचा रक्ताचा रिपोर्ट काटेकोरपणे ‘नॉर्मल’ नसतो, पण सिकलसेलच्या एकाच जनुकानं मलेरियाच्या गंभीर आजारापासून काहीसं संरक्षण मिळतं, आणि मुख्यतः मलेरियाच्या प्रदेशांत ते जनुक टिकून राहिलं आहे. प्रयोगशाळेतला खालचा बाण जंगलात ढाल ठरतो. आईवडील दोघेही वाहक असले तर मुलाला मात्र खरा आजार होऊ शकतो, म्हणून तपासणी हवीच. फक्त वाहक म्हणजे रोगी, हा शिक्का नको.

बाळंतपणाकडं वळताना मला राग लपवता येत नाही. ‘नॉर्मल झाली का सिझर?’ या प्रश्नाला ‘सिझर’ असं उत्तर देताना सासूचा आवाज किंचित उतरतो, आणि खाटेवरच्या बाळंतिणीला तो ऐकू येतो. तिनं काही कमी केलं, कळा सोसल्या नाहीत, असा भाव त्यात येतो. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं होतात, आणि देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हेच प्रमाण ४७.४ टक्के आहे. प्रश्न विचारायलाच हवा. पण तो कुणाला? खासगी दवाखान्यात जवळजवळ दर दोघींतल्या एकीचं पोट चिरावं लागतं हे बायकांच्या शरीरांत अचानक बिघाड झाला म्हणून घडत नाही. त्यामागं दवाखान्याची घडी, वेळापत्रक, फी, खटल्याची भीती, चोवीस तास भूलतज्ज्ञ नसणं, कधी कुटुंबानं काढलेला मुहूर्त अशी कितीतरी कारणं असतात. ‘सिझर का करावं लागलं?’ हा प्रश्न डॉक्टरकडं जातो. ‘नॉर्मल झाली नाही’ हे वाक्य बाईकडं बोट दाखवतं.

आणि ज्यांचं बाळंतपण नॉर्मल झालं त्यांच्यावरही हा शब्द अन्याय करतो. वीस तास कळा, फाटलेली जागा, टाके, पुढं कित्येक आठवडे बसता न येणं, हे सगळं ‘नॉर्मल’च्या पोटात गडप होतं. नॉर्मल झालं ना, मग आता कण्हायचं कशाला? ‘पोटातून’ आणि ‘खालून’ असे साधे शब्द बायका आपापसांत वापरतातच. त्यांत कुणाला पहिला नंबर मिळत नाही, कुणी नापासही होत नाही.

मुलांच्या बाबतीत तर मापाची घाई क्रूर होते. ‘अजून चालत नाही?’ हा प्रश्न एक वर्षाच्या वाढदिवसाला आलेले पाहुणे हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. त्यात एकच मधला आकडा धरून बसलं की निम्म्या आया विनाकारण रडणार. डावखुऱ्यांचं उदाहरण याहून स्वच्छ आहे. दहांतला सुमारे एक माणूस डावखुरा असतो, म्हणजे मोजणीच्या अर्थानं तो ‘नॉर्मल’ नाहीच. तरी त्याला आजार नाही, हे आज सगळे मान्य करतात. एकेकाळी मात्र त्याच्या डाव्या हातावर पट्टी बसत होती आणि मारणाऱ्या गुरुजींना आपण मुलाचं भलं करतो आहोत अशी खात्री होती. समलिंगी माणसांबद्दलची समजूतही याच वाटेनं बदलत गेली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी तिला गुन्ह्याच्या यादीतून काढलं. किती जण तसे आहेत याच्याशी त्यांच्या हक्काचा संबंध नाही, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली.

‘नॉर्मल मुलांची शाळा’ हा शब्दप्रयोग शिक्षकांच्या तोंडी अजून आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व नोंदलं आहे आणि सर्वसमावेशक शिक्षणाचं कलम आहे. कायद्यानं हवाई दलाचा मार्ग धरला आहे, जागा माणसाला जुळवून घ्यायची. पण व्हरांड्याला तीन पायऱ्या आणि रॅम्प नाही अशा शाळेत बसून ‘आमच्याकडं नॉर्मल मुलं असतात’ म्हणणं म्हणजे क्लीव्हलंडच्या परीक्षकांच्या ओळीत उभं राहणं.

पावसाचा ‘नॉर्मल’ शेतकऱ्याच्या फारसा कामाचा नाही. हवामान खात्याच्या लेखी जून ते सप्टेंबर या काळातली देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो नॉर्मल. याआधीची सरासरी ८८ होती, त्याआधीची ८९. म्हणजे ज्या मापानं मोजतो ते मापच उतरतं आहे, आणि उद्या आजच्याहून कमी पाऊसही ‘नॉर्मल’ म्हणवेल. जिल्ह्याच्या पातळीवर तर सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर एवढा सगळा पल्ला नॉर्मलमध्ये मोडतो. मृगात पेरलं, सोयाबीन उगवलं, मग पंचवीस दिवस आभाळ कोरडं, पीक करपलं, दुबार पेरणीला उसनवारी, आणि सप्टेंबरात दोन रात्रींत इतका कोसळला की उभ्या शेंगांना कोंब फुटले. हंगाम संपल्यावर बेरीज केली तर जिल्हा नॉर्मल. शेतकरी बेरजेवर पीक काढत नाही, त्याला वेळच्या वेळी पाऊस लागतो. दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये पावसाच्या खंडाचाही निकष धरला आहे, ही जमेची बाजू. पण बातमीत पोचतो तो बेरजेचाच आकडा, आणि शहरातल्या माणसाला वाटतं, पाऊस तर नॉर्मल झाला होता, मग हे कर्जमाफी कशाला मागताहेत?

इथवर मी नॉर्मल नसलेल्यांच्या बाजूनं बोललो. या शब्दाचा दुसरा अपाय उलट बाजूनं होतो, आणि तो मला जास्त भयंकर वाटतो. जे कधीच चालवून घेऊ नये, ते नेहमी आढळतं म्हणून नॉर्मल होऊन बसतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. यानाच्या रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी आधीच्या उड्डाणांतही झिजलेली सापडली होती. पण दर वेळी यान सुखरूप परतलं, म्हणून तेवढी झीज चालते असं हळूहळू ठरत गेलं. समाजशास्त्रज्ञ डायान वॉननं १९९६ साली आपल्या पुस्तकात ही प्रक्रिया उलगडली. कुणी नियम मोडला नव्हता, उलट बिघाडच नियमात सामील होत गेला होता.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात आणि रेल्वेकडं त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नावही आहे. नाव मिळालं की ती परिस्थिती तांत्रिक वाटायला लागते. उपनगरी मार्गावर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, रूळ ओलांडताना, दारातून पडून. एवढी माणसं एका दिवशी गेली असती तर देश हादरला असता. वर्षभरात विखुरलेली म्हणून ती मधल्या पानावरची बातमी.

आणि हे घराच्या आत त्याहून मुकाट्यानं चालतं. त्याच २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे मोजणीच्या भाषेत आपल्याकडं रक्त कमी असणं हेच बहुसंख्य, हेच ‘नॉर्मल’. म्हणून तर जिना चढताना धाप लागणारी, दुपारी डोळ्यांपुढं अंधारी येणारी बाई तक्रार करत नाही. तिच्या आईचं असंच होतं, जावेचं असंच आहे. पाळीत अंगावरून फार जातं म्हणणाऱ्या मुलीला घरात, आणि कधीकधी दवाखान्यातही, ‘नॉर्मल असतं ते’ असं सांगून परत पाठवतात. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते खाणं हेही त्या घरात नॉर्मलच असतं, आणि या दोन नॉर्मलांचा एकमेकांशी संबंध आहे हे कुणी बोलत नाही. हिमोग्लोबिन ९ आलेल्या बाईला ‘बायकांचं असतंच तेवढं’ म्हणणाऱ्याला तिथंच थांबवायला हवं. किती जणींचं तेवढं असतं हे त्यानं सांगितलं, किती असायला हवं हे नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ते किमान १२ ग्रॅम आहे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, जंताचं औषधही मिळतं. पाळीत रक्त जास्त जात असेल तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते, आणि ताटं वाढायचा क्रम बदलायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.